इंग्रजी संबंधी सर्वनाम: रिकाम्या जागेच्या उजवीकडे पाहा

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रकारात संबंधी सर्वनामावरचा प्रश्न हमखास असतो, आणि तो सोडवताना बहुतेक विद्यार्थ्यांची नजर रिकाम्या जागेच्या डावीकडे जाते. डावीकडे माणूस दिसला की ‘हू’, वस्तू दिसली की ‘व्हिच’ आणि ठिकाण दिसले की ‘व्हेअर’, असा ठोकताळा त्यांनी पाठ केलेला असतो. हा ठोकताळा खोटा नाही, पण तो निम्माच आहे. उरलेले निम्मे उत्तर उजवीकडे, म्हणजे त्या सर्वनामाने सुरू होणाऱ्या गौणवाक्यात असते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या वह्या तपासताना मला दिसलेल्या बहुतेक चुका या दुसऱ्या निम्म्यातच झालेल्या असतात. व्याकरणाच्या साऱ्या प्रकरणांत हे प्रकरण मला विशेष जवळचे वाटते, कारण इथे आपली मातृभाषा मोठी मदत करते आणि तितकाच मोठा चकवाही देते.

आधी मदतीविषयी. मराठीतील ‘जो’ आपले रूप दोन ठिकाणांहून घेतो. लिंग आणि वचन तो ज्या नामाविषयी बोलतो त्या नामाकडून येते, म्हणून जो मुलगा, जी मुलगी, जे झाड. विभक्ती मात्र त्याच्या स्वतःच्या वाक्यात त्याला जे काम असेल त्यावरून ठरते, म्हणून ज्याने, ज्याला, ज्याचा, ज्यात. इंग्रजीची व्यवस्थाही याच तत्त्वावर उभी आहे. तिथे नामाकडून माणूस की माणसाव्यतिरिक्त काही एवढाच भेद येतो, आणि कर्ता, कर्म की मालकी हा भेद गौणवाक्याकडून येतो. आपल्या ‘जो’ला माणूस आणि वस्तू हा भेद मुळीच ठाऊक नाही, जो शिक्षक आणि जो दगड आपल्याला सारखेच. त्यामुळे तेवढा भाग नव्याने शिकावा लागतो. पण सर्वनामाचे रूप त्याच्या वाक्यातल्या कामावरून ठरते, ही गोष्ट मराठी बोलणाऱ्या मुलाला शिकवावी लागत नाही. ती त्याला शाळेत येण्याआधीपासून येत असते.

चकवा इथूनच सुरू होतो. ‘ज्याने हे पत्र लिहिले तो माणूस’ याचे इंग्रजी ‘द मॅन हू रोट दिस लेटर’ असे होते आणि ‘ज्याला मी काल भेटलो तो माणूस’ याचे ‘द मॅन हूम आय मेट येस्टर्डे’ असे होते. अशी चार-सहा वाक्ये सोडवली की विद्यार्थी मनाशी नियम बांधतो: ज्याने म्हणजे हू, ज्याला म्हणजे हूम. मग ‘ज्याला मराठी येते’, ‘ज्याला भूक लागली आहे’, ‘ज्याला दोन मुली आहेत’, ‘ज्याला हा निर्णय आवडला नाही’ अशी वाक्ये समोर येतात आणि तो प्रत्येक ठिकाणी निःशंकपणे ‘हूम’ लिहितो. इंग्रजीत मात्र ही चारही वाक्ये ‘हू’ची आहेत: ‘हू नोज मराठी’, ‘हू इज हंग्री’, ‘हू हॅज टू डॉटर्स’, ‘हू डिड नॉट लाइक द डिसिजन’. मराठीत ज्ञान, भूक, आवड, नाते या गोष्टी माणसाकडे येतात आणि तो माणूस ‘ला’ प्रत्यय घेऊन उभा राहतो. इंग्रजी त्याच माणसाला कर्त्याच्या जागी बसवते. ‘ज्याच्याकडे गाडी आहे’ आणि ‘ज्याचे लग्न झाले आहे’ यांचेही तेच. मराठी रूप पाहून ‘विथ हूम’ किंवा ‘हूज’ सुचते, आणि हवे असते ते साधे ‘हू’: ‘हू हॅज अ कार’, ‘हू इज मॅरीड’.

याची उलट बाजू त्याहून फसवी आहे. ‘जी मुलगी मी स्टेशनवर पाहिली’ या वाक्यात ‘जी’ प्रथमेत आहे, तिला कोणताही प्रत्यय नाही आणि ‘पाहिली’ हे क्रियापदही तिच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते, कारण हा कर्मणी प्रयोग आहे. प्रत्यय नाही म्हणून विद्यार्थी ‘हू’ लिहितो. पण इंग्रजीत पाहणारा ‘आय’ हाच कर्ता आहे आणि मुलगी कर्म आहे, म्हणून काटेकोर लेखनात ‘द गर्ल हूम आय सॉ ॲट द स्टेशन’ असे व्हायला हवे. म्हणजे मराठीतल्या चतुर्थीसाठी इंग्रजीत कर्त्याचे रूप आणि मराठीतल्या प्रथमेसाठी इंग्रजीत कर्माचे रूप, असे दोन्ही बाजूंनी होऊ शकते. म्हणूनच मराठी प्रत्ययाचे थेट इंग्रजी रूप शोधण्याची सवय मोडली पाहिजे, असे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगतो. गौणवाक्य इंग्रजीत मांडावे, त्यातले क्रियापद शोधावे आणि त्या क्रियापदाला त्याचा कर्ता मिळाला आहे का ते पाहावे. कर्ता मिळाला नसेल तर ती जागा सर्वनामाला घ्यावी लागते, आणि तिथे ‘हू’ येते. कर्ता आधीच बसलेला असेल तर सर्वनाम कर्म असते किंवा एखाद्या प्रेपोझिशनला जोडलेले असते, आणि तिथे ‘हूम’ येते.

ही कसोटी लावताना एका जागी भलेभले अडखळतात. ‘जो मला प्रामाणिक वाटतो असा माणूस’ हे इंग्रजीत ‘अ मॅन हू आय थिंक इज ऑनेस्ट’ असे होते. इथे ‘आय थिंक’ हे शब्द सर्वनामाला चिकटून येतात, त्यामुळे कर्ता मिळाला असे वाटते आणि ‘हूम’ लिहिले जाते. प्रत्यक्षात ‘आय’ हा ‘थिंक’चा कर्ता आहे, ‘इज’ला कर्ता हवाच आहे आणि ते काम ‘हू’ करते. ‘आय थिंक’ हे शब्द क्षणभर बोटाने झाकले की ‘अ मॅन हू इज ऑनेस्ट’ एवढे उरते आणि शंका मिटते. इंग्रजी वर्तमानपत्रांतसुद्धा ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ अशा अर्थाचे शब्द मध्ये आले की ‘हू’च्या जागी ‘हूम’ छापलेले आढळते. मात्र तेच वाक्य ‘अ मॅन हूम आय बिलीव्ह टू बी ऑनेस्ट’ असे वळवले तर ‘हूम’ बरोबर ठरते, कारण आता ‘इज’ हे स्वतंत्र कर्ता मागणारे क्रियापद उरलेले नाही.

‘हूएव्हर’ आणि ‘हूमएव्हर’ यांच्या बाबतीत मात्र मराठी फार चांगली वाट दाखवते. ‘जो आधी पोहोचेल त्याला बक्षीस द्या’ या वाक्यात आपण दोन सर्वनामे वापरतो. गौणवाक्यासाठी ‘जो’ आणि प्रधानवाक्यासाठी ‘त्याला’. इंग्रजी या दोघांना एकाच शब्दात सामावते, आणि त्या शब्दाचे रूप ‘त्याला’वरून न ठरता ‘जो’वरून ठरते: ‘गिव्ह द प्राइझ टू हूएव्हर अराइव्ह्ज फर्स्ट’. आधी ‘टू’ आहे म्हणून ‘हूमएव्हर’ लिहिण्याचा मोह होतो, पण ‘टू’ हे संपूर्ण गौणवाक्याला लागले आहे आणि ‘अराइव्ह्ज’ला कर्ता हवा आहे.

प्रेपोझिशनच्या चुका संख्येने सर्वांत अधिक असतात. मराठीत ‘ज्या घरात मी राहतो’, ‘ज्या पेनाने मी लिहितो’, ‘जिच्याबद्दल मी बोललो’ असे म्हणताना हे सारे संबंध आपण ‘जो’ किंवा त्याच्या नामालाच चिकटवतो. इंग्रजी करताना विद्यार्थी ‘जो’साठी ‘व्हिच’ लिहितो आणि चिकटलेला प्रत्यय वाटेत गळून पडतो: ‘द हाऊस व्हिच आय लिव्ह’. घर आहे, राहणारा आहे, पण ‘इन’ हरवले. ते सर्वनामाच्या आधी ठेवावे किंवा वाक्याच्या शेवटी ठेवावे, पण ठेवायलाच हवे: ‘द हाऊस इन व्हिच आय लिव्ह’ किंवा ‘द हाऊस व्हिच आय लिव्ह इन’. प्रेपोझिशन आधी आले की त्यानंतर ‘दॅट’ कधीच येत नाही आणि जपून लिहिलेल्या इंग्रजीत ‘हू’ही येत नाही, ‘व्हिच’ किंवा ‘हूम’ यांपैकीच एक येते. याच्या उलट, मराठीत शब्दयोगी अव्यय आहे म्हणून इंग्रजीतही प्रेपोझिशन हवे असे समजणेही चुकीचे ठरते. ‘ज्याच्याशी तिने लग्न केले’ हे ‘हूम शी मॅरीड’ होते, तिथे ‘विथ’ नको. ‘ज्याच्यावर माझा विश्वास आहे’ हे ‘हूम आय ट्रस्ट’ होते, तिथे ‘ऑन’ नको. पण ‘रिलाय’ हे क्रियापद वापरले की ‘ऑन हूम आय रिलाय’ असेच म्हणावे लागते. निर्णय इथेही उजवीकडचे इंग्रजी क्रियापद घेते.

मराठीतली जो-तो ही जोडी आणखी एका रूपाने इंग्रजीत शिरते. ‘जो माणूस काल आला तो माझा मामा आहे’ या वाक्यातला ‘तो’ आपल्याला इतका आवश्यक वाटतो की ‘द मॅन हू केम येस्टर्डे, ही इज माय अंकल’ किंवा ‘द बुक व्हिच आय बॉट इट’ अशी वाक्ये सहज लिहिली जातात. संबंधी सर्वनामाने एकदा जागा घेतली की तीच जागा ‘ही’ किंवा ‘इट’ला पुन्हा देता येत नाही.

ठिकाण दिसले की ‘व्हेअर’ हा ठोकताळा तर अनेकदा थेट चुकीच्या उत्तराकडे नेतो. ‘ज्या किल्ल्यावर आम्ही गेलो’ हे एकच मराठी वाक्य घ्या. ‘गो’ हे क्रियापद निवडले तर ‘द फोर्ट व्हेअर वी वेंट’ किंवा ‘द फोर्ट टू व्हिच वी वेंट’ असे होईल. ‘व्हिजिट’ निवडले तर ‘द फोर्ट व्हिच वी व्हिजिटेड’ असे होईल, कारण ‘व्हिजिट’ला थेट कर्म लागते. किल्ला तोच आणि सहलही तीच असताना सर्वनाम बदलले. ‘तिथे’ हा अर्थ रिकामा असेल तर ‘व्हेअर’ आणि ‘तो’ किंवा ‘ते’ रिकामे असेल तर ‘व्हिच’ अथवा ‘दॅट’, एवढे तपासले तरी पुरते. ‘डे’ आणि ‘व्हेन’ यांनाही हेच लागू आहे. ‘द डे व्हेन शी लेफ्ट’ बरोबर आहे, पण ‘जो दिवस मला आठवतो’ याला ‘द डे दॅट आय रिमेंबर’ हवे.

‘जे’ या रूपामुळे होणारी एक चूक मोठ्या माणसांच्या पत्रव्यवहारातही दिसते, ती म्हणजे ‘ऑल व्हॉट’. ‘मला जे माहीत होते ते सर्व मी सांगितले’ याचे ‘आय टोल्ड हिम ऑल व्हॉट आय न्यू’ असे केले जाते. ‘व्हॉट’ या शब्दात आपले ‘जे’ आणि ‘ते’ दोन्ही आधीच सामावलेले आहेत, म्हणून त्याला आधी नाम किंवा सर्वनाम चालत नाही. ‘जे पेराल तेच उगवेल’ इथे ‘व्हॉट’ शोभते. ‘ऑल’, ‘एव्हरीथिंग’, ‘नथिंग’ यांच्यानंतर ‘दॅट’ हवे. ‘चकाकते ते सारे सोने नसते’ या म्हणीचे इंग्रजी रूप ‘ऑल दॅट’नेच सुरू होते, आणि ते पाठ असलेला विद्यार्थी ही चूक सहसा करत नाही.

आता स्वल्पविरामाविषयी, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण या ठिकाणी झालेल्या चुकीने अर्थच बदलतो. पीक विम्याच्या बातमीतले वाक्य समजा: ‘द फार्मर्स हू हॅड इन्शुअर्ड देअर क्रॉप्स गॉट द मनी’. स्वल्पविराम नाहीत, म्हणजे ज्यांनी विमा उतरवला होता तेवढ्याच शेतकऱ्यांना पैसे मिळाले. तेच वाक्य ‘फार्मर्स’नंतर आणि ‘क्रॉप्स’नंतर स्वल्पविराम देऊन लिहिले, तर सर्वच शेतकऱ्यांना पैसे मिळाले आणि त्या सर्वांनी विमा उतरवला होता, असा अर्थ होतो. पहिल्या वाक्यातील गौणवाक्य नामाची व्याप्ती ठरवते. दुसऱ्या वाक्यातील गौणवाक्य जादा माहिती देते. मराठीत ‘विमा उतरवलेल्या शेतकऱ्यांना पैसे मिळाले’ असे आपण धातुसाधितावर भागवतो आणि कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भावर सोडतो. ‘नाशिकला राहणारा माझा भाऊ’ असे म्हटल्यावर मला भाऊ एक आहे की अनेक, हे त्या शब्दांतून कळत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ते ठरवावेच लागते, म्हणून आपल्या मुलांना हा स्वल्पविराम सजावटीसारखा वाटतो आणि ती तो हवा तिथे, नको तिथे टाकतात. स्वल्पविरामानंतरच्या जादा माहितीच्या गौणवाक्यात ‘दॅट’ चालत नाही. तिथे ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’ किंवा ‘व्हिच’ हवे. पूर्ण वाक्यालाच उद्देशून येणारे ‘व्हिच’ही याच गटातले: ‘ही फेल्ड अगेन, व्हिच सरप्राइज्ड एव्हरीवन’.

स्वल्पविराम नसलेल्या गौणवाक्यात वस्तूसाठी ‘दॅट’ घ्यावे की ‘व्हिच’, हा प्रश्न मात्र नियमापेक्षा पसंतीचा आहे. व्याप्ती ठरवणाऱ्या वाक्यात ‘दॅट’ आणि जादा माहितीच्या वाक्यात ‘व्हिच’ अशी वाटणी इंग्रज कोशकार एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रयोगकोशात सुचवली, पण बहुसंख्य किंवा उत्तम लेखक तसे लिहितात असा दावा मात्र त्यांनी केला नाही. अमेरिकेतले संपादक ही वाटणी बऱ्याच काटेकोरपणे पाळतात. ब्रिटनमध्ये व्याप्ती ठरवणारे ‘व्हिच’ आजही सर्रास लिहिले जाते. या सर्वनामांच्या जागा इतिहासातही सरकत आल्या आहेत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधील प्रार्थना ‘अवर फादर व्हिच आर्ट इन हेवन’ अशी सुरू होते, म्हणजे तेव्हा प्रत्यक्ष देवासाठीही ‘व्हिच’ चालत असे. पुढे १७११ साली लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात ‘हू’ आणि ‘व्हिच’ यांच्या नावाने एक अर्ज छापला गेला. ‘दॅट’ने आमची जागा बळकावली, अशी त्यात तक्रार होती. संबंधी सर्वनाम म्हणून ‘दॅट’ त्या दोघांहून जुने आहे. ‘हू’ तर कर्त्याच्या जागी पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास रुळले.

‘हूज’ वस्तूंसाठी वापरू नये, ही समजूत आपल्याकडे अकारण पक्की झाली आहे. ‘ज्याचे छप्पर उडाले ते घर’ यासाठी ‘द हाऊस हूज रूफ वॉज ब्लोन ऑफ’ हे निर्दोष इंग्रजी आहे. जुन्या इंग्रजीत ‘हू’ आणि ‘व्हॉट’ या दोन्हींच्या पूर्वरूपांची षष्ठी एकच होती आणि ‘हूज’ तिच्यातूनच आले, त्यामुळे वस्तूंवरही त्याचा पहिल्यापासून हक्क आहे. ‘द रूफ ऑफ व्हिच’ असे लिहिणे चूक नाही, पण बहुधा अवजड होते.

सर्वनाम गाळण्याविषयी मराठी आणि इंग्रजी यांची तुलना मला फार उद्बोधक वाटते. ‘मी सांगतो ते ऐक’, ‘मी राहतो ते घर’ असे म्हणताना आपणही ‘जे’ गाळतोच, आणि तिथे इंग्रजीतही ‘द हाऊस आय लिव्ह इन’ असे सर्वनामाविना चालते. पण मराठी याच्या पुढे जाते. कूळकायद्याच्या काळात गाजलेली ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा पाहा. तिच्यात गाळलेला ‘जो’ हा ‘कसेल’चा कर्ता आहे. इंग्रजी ही मोकळीक देत नाही. तिथे कर्म असलेले सर्वनाम गाळता येते, कर्ता असलेले गाळता येत नाही. म्हणून ‘लँड बिलाँग्ज टू दोज हू टिल इट’ यातला ‘हू’ ठेवावाच लागतो. गाळण्याचा निर्णयही त्याच कसोटीने होतो, गौणवाक्यातील क्रियापदाला स्वतःचा कर्ता आहे की नाही या एकाच प्रश्नाने. स्वल्पविरामानंतर मात्र कर्म असले तरी सर्वनाम गाळता येत नाही.

सर्वनाम कर्ता असेल तर क्रियापदाचे वचन नीट जुळवावे. ‘शी इज वन ऑफ दोज टीचर्स हू लव्ह देअर वर्क’ यात ‘हू’ हे ‘टीचर्स’साठी आले आहे, ‘वन’साठी नाही, म्हणून ‘लव्हज’ नको. ‘कमिटी’सारख्या समूहवाचक नामाचा विचार एक संस्था म्हणून केला तर ‘व्हिच हॅज’ आणि सदस्य म्हणून केला तर ‘हू हॅव’ असे लिहिले जाते. एकाच वाक्यात दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये.

राहता राहिला ‘हूम’. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच लिहून ठेवले होते की दोनएकशे वर्षांत प्रश्नार्थक ‘हूम’ मोठमोठ्या विद्वानांच्या तोंडूनही ऐकू येणार नाही. संबंधी सर्वनाम म्हणूनही बोलण्यात ते आज विरळ झाले आहे, आणि ‘द मॅन हू आय मेट’ असे कोणी म्हटले तर त्याला अडाणी समजण्याचे कारण नाही. स्पर्धा परीक्षेत मात्र कर्माच्या जागी ‘हूम’ हेच उत्तर अपेक्षित असते, आणि लिखित इंग्रजीत प्रेपोझिशनच्या लगेच पुढे त्याला आजही पर्याय नाही. ते जड वाटत असेल तर प्रेपोझिशन शेवटी नेऊन सर्वनामच गाळावे. ‘द ऑफिसर टू हूम आय रोट’ हे अर्जात शोभते, ‘द ऑफिसर आय रोट टू’ हे बोलताना शोभते, आणि व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये बरोबर आहेत.